दगडांच्या बागेत दोन दिवस

चंद्रपूरला निघालो असे कुणी म्हटले, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताडोबाचे बुकिंग झाले का?’ आणि परत आल्यावर दुसरा : ‘वाघ दिसला का?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये एक अख्खा मुलूख हरवून जातो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, ते महाराष्ट्रातले सर्वांत जुने. त्याचा अभिमान आपल्याला आहेच, असायलाही हवा. पण वाघ हा मर्जीचा धनी. दिसला तर दिसला. पहाटे चारला उठवलेली पोरे, थंडीने कुडकुडणारी आजी आणि जिप्सीच्या धक्क्यांनी आंबलेले अंग घेऊन कितीतरी कुटुंबे नुसती सांबरे पाहून परत फिरतात आणि ‘एवढा खर्च करून काही मिळाले नाही’ असे चुकचुकत गावी पोहोचतात.

काही मिळाले नाही, असे या मुलुखात होऊच शकत नाही. कारण येथे असेही काही आहे, की जे हमखास दिसते. त्याला परवाना लागत नाही, जिप्सी लागत नाही, ते पळून जात नाही. ते म्हणजे येथले दगड. चंद्रपूरच्या परकोटापासून गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्यापर्यंत उघड्या आभाळाखाली, झाडांच्या सावलीत, नदीच्या काठी कोरलेल्या दगडांची एक लांबच लांब बाग पसरलेली आहे. कुंपण नाही, दारावर कमान नाही, म्हणून तिला कुणी बाग म्हणत नाही, इतकेच.

शिल्पे आणि झाडे यांच्यामधून पायी फिरण्याची उद्याने जगात पुष्कळ आहेत. नॉर्वेच्या ऑस्लो शहरात गुस्ताव विगेलंड या शिल्पकाराची दोनशेहून अधिक शिल्पे एका उद्यानात मांडली आहेत. बालपणापासून म्हातारपणापर्यंतचा माणूस तेथे दगडात आणि ब्राँझमध्ये भेटतो. आपल्या चंडीगडला नेकचंद नावाच्या रस्ते विभागातल्या एका कर्मचाऱ्याने फुटक्या बांगड्या, कपबशा आणि टाकाऊ फरशा गोळा करून गुपचूप एक दुनिया उभी केली. ती १९७६ साली लोकांसाठी खुली झाली आणि ‘रॉक गार्डन’ म्हणून गाजली. हे पाहून आपल्या प्रत्येक नगरपालिकेला वाटते, की आपल्याकडेही एक शिल्पोद्यान हवे. मग सिमेंटचा वाघ येतो, फायबरचा डायनासोर येतो, चार कारंजी येतात. दोन पावसाळ्यांत वाघाचा रंग उडतो आणि कारंजे बंद पडते. ज्या जिल्ह्यांना शेकडो वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी बाग आधीच करून दिली आहे, त्यांनी निदान ती एकदा चालून पाहावी. त्यासाठी शनिवार-रविवार असे दोन दिवस पुरतात.

केव्हा जावे, कसे जावे

पहिली गोष्ट हवामानाची. चंद्रपूरचा उन्हाळा ही थट्टेची बाब नव्हे. मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांच्या पुढे गेल्याची नोंद येथे आहे आणि त्या उन्हात कोरीव दगड पाहणे म्हणजे तव्यावर उभे राहून चित्रप्रदर्शन बघण्यासारखे आहे. पावसाळ्यात वैनगंगा केव्हा फुगेल आणि नाल्यावरून पाणी केव्हा जाईल, याचा भरवसा नसतो. दिवाळी उलटली, की फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. शेवटी शेवटी गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसेल.

नागपूर ते चंद्रपूर हा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर चंद्रपूर आणि शेजारचे बल्लारशा ही दोन्ही स्थानके आहेत. मुक्काम चंद्रपुरातच ठेवावा. पहिला दिवस शहराचा, दुसरा मार्कंड्याचा आणि परतीच्या वाटेवर भद्रावती, असा बेत सगळ्यांना झेपतो. सामानात पाण्याच्या बाटल्या, टोप्या नाहीतर दुपट्टे, एक चांगली बॅटरी आणि जाड मोज्यांचे दोन-तीन जोड टाका. मोजे कशाला, असे विचाराल, तर देवळाच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात आणि दुपारी फरशी चांगलीच तापते. आजीचे गुडघे आणि नातवाचे तळपाय दोघांनाही मोज्यांचा आधार होतो.

सशाच्या पावलांवरची भिंत

शनिवारची सकाळ परकोटासाठी ठेवा. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. राजा खांडक्या बल्लाळशहा याची गोष्ट मुलांना भिंतीजवळ उभे करूनच सांगावी. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते. शिकारीला गेला असताना तहान लागली, म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातले पाणी त्याने प्यायले, त्या पाण्याने हातपाय धुतले, आणि काय आश्चर्य, त्याचे अंग निर्मळ झाले. त्या ठिकाणी अंचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे एकदा राजाला एक ससा दिसला. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि तो चक्क राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता! राणीने सांगितले, हा शुभशकुन आहे. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवर कोट बांधा. अशी ही आख्यायिका. पुढच्या राजांनी कोट पुरा केला. आज सुमारे अकरा किलोमीटरचा हा परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे त्याचे चार दरवाजे आणि जाण्यायेण्याच्या लहान खिडक्या शहराला वेढून आहेत. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या भिंतीला खिंडार पाडले, तेव्हा ससा कामी आला नाही; पण भिंत उरली.

दरवाजांवर मान वर करून पाहा. हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंह कोरलेला दिसेल. हे गोंड राजांचे चिन्ह. रोज हजारो सायकली, रिक्षा, मोटारी या सिंहाखालून जातात आणि वर पाहणारा विरळा. मुलांना सांगा, की प्रत्येक दरवाजावर सिंह शोधायचा आणि त्यातला फरक सांगायचा. मग ‘अजून किती चालायचं?’ हा प्रश्न निदान तासभर तरी येत नाही.

ही भिंत काही वर्षांपूर्वीपर्यंत चालण्याजोगी नव्हती. तिच्यावर झुडपे माजली होती, पायथ्याशी कचरा साचला होता. २०१७ साली इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी पहाटे उठून कुऱ्हाडी-फावडी हाती घेतली आणि महिनोन् महिने श्रमदान करून बुरूजामागून बुरूज मोकळा केला. रामाळा तलावाच्या अंगाला बगड खिडकीजवळ चढून तटावरून चालताना एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला झाडे दिसतात. जुनी वास्तू वाचवायला आधी पैसाच लागतो असे नाही. आधी कुणाला तरी ती दिसावी लागते, हा धडा या भिंतीने चंद्रपूरकरांना दिला आहे.

तेथून अंचलेश्वराकडे वळावे. या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर लहान लहान शिल्पपट्ट आहेत. घाई केली तर नुसती नक्षी वाटते, थांबलात तर देव, प्राणी आणि माणसे एकेक करून पुढे येतात. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली मोठी समाधी राजा बीरशहाची. राणी हिराईने ती अठराव्या शतकाच्या आरंभी नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधली. राजाने राणीसाठी उभारलेल्या वास्तूचे गोडवे आपण शाळेपासून ऐकतो. राणीने राजासाठी उभारलेली ही वास्तू मात्र पुष्कळ मराठी घरांना ठाऊकही नाही. महाकालीचे देऊळही जवळच, तेही हिराईच्याच नावाशी जोडलेले. चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते.

न झालेले देऊळ

दुपारचे ऊन उतरले, की लालपेठ. हे नाव बाहेरच्यांना कोळशाच्या खाणीमुळे माहीत असते. पण याच भागात एका मोकळ्या जागेवर प्रचंड दगडी मूर्ती आहेत. काही उभ्या, काही आडव्या. गणपती, नंदी, शिवलिंग, मासा आणि कासव. त्यांत दहा तोंडांची एक अजस्र मूर्ती आहे. दहा तोंडे म्हणजे रावणच, असे समजून लोक तिला रावण म्हणतात. वास्तविक ती देवी आहे, दुर्गा. तिची लांबी पंचवीस फुटांच्या आसपास भरते. तिच्याशेजारी सहा फुटी माणूस उभा राहिला, तरी पोरासारखा दिसतो.

सांगतात ते असे, की रायप्पा नावाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने शंकराचे भव्य देऊळ बांधायचे मनात आणले. मूर्ती घडवायला घेतल्या आणि देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला. देऊळ झाले नाही. मूर्ती राहिल्या, तशाच, आभाळाखाली. आज त्या केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत.

पुरे झालेले शिल्प पाहताना आपण देव पाहतो. अपुरे शिल्प पाहताना माणूस दिसतो. छिन्नी कुठून चालली, आधी काय कोरले, कुठला भाग नंतरसाठी ठेवला, हे लालपेठेत निवांत बसून पाहता येते. ज्यांच्या घरात चित्रे काढणारे, मातीचे गणपती करणारे एखादे मूल असेल, त्यांनी तर येथे तास-दीड तास राखून ठेवावा. वही-पेन्सिल द्यावी आणि आपण गप्प बसावे.

चारशे मूर्तींचे आवार

रविवारी पहाटे निघावे. चंद्रपूरहून मूल, मूलहून वैनगंगा ओलांडून चामोर्शी आणि तेथून मार्कंडा, असा रस्ता. स्वतःच्या गाडीने दीड-दोन तास लागतात. एसटीने जाणाऱ्यांनी मूल किंवा गडचिरोलीमार्गे चामोर्शी गाठावे. चंद्रपूर ते मूल हा रस्ता जंगलातून जातो. गाडी हळू चालवा, हॉर्न कमी वाजवा आणि परतताना दिवस मावळायच्या आत तो पार करा. येथली जनावरे पाटीवरच्या वेगमर्यादा वाचत नाहीत.

मार्कंड्याला वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी म्हणजे तीर्थ, आणि तीर्थ म्हणजे देऊळ. नदीकाठच्या कोटबंद आवारात लहानमोठी वीसेक देवळे होती. काही पडली, काही उभी आहेत. साधारण नवव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यानची ही बांधणी मानली जाते, पण गावकऱ्यांना विचाराल, तर इतर अनेक जुन्या देवळांप्रमाणे हेही हेमाडपंताचेच. १८७३-७४च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅम या मुलुखात फिरला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा प्रमुख, पुष्कळ देवळे पाहून डोळे सरावलेला. पण मार्कंड्याला त्याने बैठक मारून मोजदाद केली. मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर माणसांच्या आकृती एकावर एक अशा तीन रांगांत आहेत, त्या त्याने चारशे नऊ मोजल्या. खजुराहोशी तुलना तेव्हापासून होत आली आहे.

ही तुलना एका परीने नडलीही. ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हटले, की माणसे भिंतीवर नको तेच शोधतात, हसतात, आणि आईवडील मुलांना पुढे ढकलतात. वास्तविक या भिंतीवर सगळे जगणे आहे. शिवाची नाना रूपे आहेत, नाचणाऱ्या आणि सजणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि मधून मधून हत्ती व सिंहासारखे झेपावणारे व्याल आहेत. वाचायची रीत सोपी. उजव्या हाताला देऊळ ठेवून प्रदक्षिणा घाला. पहिल्या फेरीत फक्त खालची रांग पाहा, दुसरीत मधली, तिसरीत वरची. सगळे एकदम पाहू गेलात, तर काहीच दिसत नाही. ऊन कलते तशी सावली सरकते, आणि सकाळी सपाट वाटलेला चेहरा दुपारनंतर वळून पाहू लागतो.

मार्कंडेयाची गोष्ट घरोघरी ठाऊक असते : सोळा वर्षांचे आयुष्य घेऊन आलेला मुलगा, त्याला न्यायला आलेला यम, आणि पिंडीला मारलेली मिठी. त्या गोष्टीतल्या मुलाच्या नावाचे हे देऊळ. मोठी गंमत अशी, की याच आवारात यमाचेही देऊळ आहे. ज्याला हरवले, त्यालाही शेजारी जागा दिली!

महाशिवरात्रीला येथे फार मोठी जत्रा भरते. जत्रा पाहायची असेल, माणसे पाहायची असतील, तर तेव्हा अवश्य जा. मूर्ती पाहायच्या असतील, तर जत्रा टाळून साध्या दिवशी जा.

उतरवलेले दगड

आणि आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, ती गोष्ट. मार्कंड्याच्या मुख्य मंदिरावर फार पूर्वी वीज पडली. शिखराचा भाग ढासळला, सभामंडपाचे छत खचले. तेव्हा एका गोंड राजाने आत जाडजूड खांब आणि कमानी घालून ते सावरले. मूळच्या नाजूक कामाशेजारी ते खांब ओबडधोबड दिसतात खरे, पण त्यांच्यामुळेच देऊळ पुढच्या पिढ्यांना पाहायला मिळाले. पडझड पुढे चालूच राहिली. गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मोठी डागडुजी हाती घेतली आणि मुख्य मंदिराचे दगड खाली उतरवले. अशा कामाची पद्धत अशी, की प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, नकाशा करायचा, पाया बळकट करायचा आणि एकेक दगड पुन्हा त्याच जागी बसवायचा. हे काम घाईचे नव्हेच. पण मार्कंड्याचे काम मध्येच रेंगाळले, वर्षांमागून वर्षे गेली, आणि ज्यांचे हे दैवत त्यांना अर्धे उतरवलेले देऊळ पाहत बसावे लागले. गावकऱ्यांनी, भाविकांनी त्यासाठी वारंवार आवाज उठवला. त्यामुळे निघण्याआधी मुख्य मंदिर कितपत पाहता येईल, याची चामोर्शीत किंवा गावात चौकशी जरूर करा.

उतरवलेल्या दगडाचे एक दुखणे असते. भिंतीत असतो, तोवर तो देवळाचा भाग असतो. जमिनीवर आला, की तो नुसता दगड. दहा-बारा वर्षांचा मुलगा तोवर मोठा होतो आणि त्याला ते देऊळ उभे असे आठवतच नाही. त्याच्या पिढीला त्याची उणीवही भासत नाही. वास्तू मरते ती विजेने नव्हे, या न भासण्याने मरते. चंद्रपूरचा कोट मोकळा झाला, कारण शहराला तो रोज दिसत होता आणि चार पोरांना लाज वाटली. मार्कंडा रस्त्याच्या टोकाला आहे. तेथे नागपूर-पुण्या-मुंबईची माणसे वर्षाला एकदाही डोकावली नाहीत, तर त्याच्याविषयी विचारणार कोण?

म्हणून मुद्दाम जावे, आणि देऊळ अर्धे असेल तरी जावे. मुलांना सांगावे, की हे असे उभे होते आणि हे असे उभे राहायचे आहे. गावातल्या टपरीवर चहा घ्यावा, डबा संपला असेल तर तेथेच काही खावे. मूर्तीला तेल, शेंदूर, खडू लावू नये, दगडावर चढून फोटो काढू नयेत. आणि घरी गेल्यावर ‘काय पाहिले’ असे कुणी विचारले, तर मार्कंड्याचे नाव वाघाच्या आधी घ्यावे.

परतीच्या वाटेवर

नागपूरकडे परतणाऱ्यांनी चंद्रपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर भद्रावतीला उतरावे. जुने नाव भांदक. येथे विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. एक लांबट बोगदा सरळ टेकडीच्या पोटात जातो, आणि अंधाराच्या टोकाला बसलेला बुद्ध भेटतो. आणलेली बॅटरी येथे कामी येते. तिचा झोत सावकाश वर न्यावा. तलावात एक जुना दगडी पूल आहे, दोन रांगांच्या खांबांवर उभा. जैन मंदिराच्या आवारात आजी-आजोबांना टेकायला सावली मिळते.

त्याच रस्त्यावर पुढे वरोरा, म्हणजे आनंदवन. बाबा आमटे आणि साधनाताई १९५०च्या आसपास येथे आले, तेव्हा हे खडकाळ माळरान होते. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांनी बोटे झडलेल्या हातांनी विहिरी खणल्या, माती आणली, झाडे लावली. आज तेथे हिरवी सावली आहे आणि त्या झाडांमध्येच बाबा व साधनाताईंच्या समाध्या आहेत. दोन दिवस कोरीव दगड पाहून येथे आलात, तर एक गोष्ट आपोआप लक्षात येते. मार्कंड्याच्या पाथरवटाने दगडातून माणूस काढला. या माणसांनी दगडातून बाग काढली. दोन्हीही कामे हातांची, आणि दोन्हीही वर्षानुवर्षांची.

पुढच्या थंडीत चंद्रपूरचा बेत ठरेल, तेव्हा ताडोबाचे बुकिंग जरूर करा. वाघ दिसला तर नशीब समजा. पण त्याला दोन दिवस जोडा, आणि तेवढे दिवस गाडी बाजूला लावून पायांनी चाला. हे दगड आठशे-हजार वर्षे तेथेच आहेत. ते आपली वाट पाहतात, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दगड कुणाची वाट पाहत नसतात. वाट पाहत असतात ती त्या गावातली माणसे, आपले देऊळ पुन्हा उभे राहण्याची.